बचतीची नोंद ठेवतो, मग वेळेची का नाही?



गेल्या महिन्यात एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत गोळा झाली, हप्ते आले. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी काही विषय?" एरवी या प्रश्नाच्या वेळी सगळ्या उठायच्या घाईत असतात. कुणाचा स्वयंपाक राहिलेला, कुणाची म्हैस दारात ओरडत असते. त्या दिवशी मात्र एक ताई बोलायला लागली आणि बैठक तासभर लांबली.

तिचा मुलगा नववीत आहे. आदल्या आठवड्यात रात्री दीड वाजता ती पाणी प्यायला उठली, तर त्याच्या गोधडीत उजेड दिसला. तिने फोन हिसकावला आणि भिंतीवर आपटला. फोन फुटला. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही, शाळेत गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी हप्त्यावर नवा फोन आणून दिला.

"आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "फोन फोडून मला काय मिळालं? घरात एक हप्ता तेवढा वाढला."

कुणी हसलं नाही. कारण थोड्याफार फरकाने हेच प्रत्येकीच्या घरात चाललंय. म्हणून या महिन्याच्या पाठात आपण मोबाईलच्या व्यसनाबद्दल बोलू.

आधी मोजू, मग बोलू

गटात आपण पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकतो. नोंद नसेल तर हिशोब नाही, आणि हिशोब नसेल तर भांडण ठरलेलं. वेळेचंही तसंच आहे. "तू सारखा मोबाईलवर असतोस" असं आपण म्हणतो. मुलगा म्हणतो, "कुठे, आत्ता तर घेतला." दोघांकडेही नोंद नाही. मग आवाज चढतो.

ही नोंद फोन स्वतःच ठेवतो. फोनच्या सेटिंगमध्ये जा. खाली 'डिजिटल वेलबीइंग' असं लिहिलेलं दिसेल. ते उघडलं की आज फोन किती तास चालला आणि कशावर किती वेळ गेला, सगळं कळतं. सापडत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला विचारा, तो लगेच काढून देईल.

त्या बैठकीत आम्ही हेच केलं. सहा जणींकडे स्वतःचा स्मार्टफोन होता. कुणाचे आदल्या दिवसाचे 40 मिनिटं, कुणाचे 2 तास, एकीचे 4 तास निघाले. माझे 5 तास 20 मिनिटं निघाले. त्यातलं निम्मं काम होतं, पण निम्मं नव्हतं. मी मुलांच्या मोबाईलवर भाषण द्यायला उभी राहणार होते, ती खाली बसले.

त्या ताईने घरी जाऊन तिघांचे आकडे काढले. मुलाचे 4 तास. वडिलांचे 3 तास. तिचे स्वतःचे अडीच तास. मुलगा म्हणाला, "मग माझाच फोन का फोडला?"

या प्रश्नाचं उत्तर आपण मोठ्यांनी द्यायचं आहे.

आता जरा गणित करू. रोज 2 तास म्हणजे वर्षाचे 730 तास. ते चोवीस तासांच्या दिवसांत मांडले तर 30 दिवस होतात. म्हणजे वर्षातला एक अख्खा महिना, दिवस आणि रात्र धरून, फोनमध्ये गेला. आपण महिन्याला 200 रुपये बचत करतो तेव्हा पै-पै मोजतो. हा महिना मात्र कुणी मोजत नाही.

हात आपोआप फोनकडे का जातो?

"मनाचा निश्चय नाही, म्हणून व्यसन लागतं" असं आपण पटकन म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. समोरची वस्तूच आपल्याला धरून ठेवण्यासाठी बनवलेली आहे.

व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्या आपल्याकडून थेट पैसे घेत नाहीत, तरी त्या कमावतात. कशा? जाहिरातींतून. आपण जितका जास्त वेळ बघू तितक्या जास्त जाहिराती, तितकी जास्त कमाई. म्हणून तिथे थांबायची जागाच ठेवलेली नाही. पुस्तकाचं पान संपतं, मालिकेचा भाग संपतो, रील संपत नाही. एक झाला की खालून दुसरा तयारच असतो.

शिवाय आपण कशावर थांबलो, कशावरून पुढे गेलो, हे त्यांची यंत्रणा टिपत असते. तुम्ही एकदा ब्लाउजच्या गळ्याचे दोन व्हिडिओ बघा, दुसऱ्या दिवशी वीस येतील.

तिसरी गोष्ट जत्रेतल्या चक्रासारखी आहे. प्रत्येक वेळी बक्षीस लागत असतं तर आपण कंटाळून निघून आलो असतो. कधी लागतं, कधी नाही, म्हणूनच आपण "अजून एकदा" म्हणतो. दहा रील फालतू येतात, अकरावा हसवतो. त्या अकराव्यासाठी बोट सरकत राहतं. हे मुलांना नीट समजावून सांगा. "तू वाया गेलास" म्हणण्यापेक्षा "तुझ्या वेळेवर कुणीतरी कमावतंय" हे त्यांना लवकर पटतं.

रोजच्या जगण्यात काय निसटतं?

झोप: रात्री उशिरापर्यंत फोन बघितला की झोप उशिरा लागते आणि सकाळी अंग जड होतं. मुलं वर्गात पेंगतात. आपली चिडचिड वाढते आणि ती निघते सुनेवर, नाहीतर लेकरावर.

लहान बाळ: "मोबाईल दाखवल्याशिवाय घासच घेत नाही" हे अंगणवाडीत हमखास ऐकू येतं. बाळ स्क्रीनकडे बघत गिळतं, पोट भरलं का ते त्यालाच कळत नाही. बाळ बोलायला शिकतं ते आपल्या तोंडाकडे बघून, आपण त्याच्याशी बोललो तर. फोन त्याच्याकडे बघून उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर चांगलंच.

माणसं: नवरा-बायको एकाच खोलीत, दोघांच्या हातात दोन फोन. सासूबाई काही सांगतात, सून "हं" म्हणते. भांडण नाही, पण बोलणंही नाही.

आपली बैठक: पदराआड फोन चालू असतो आणि ठराव काय झाला ते नंतर शेजारणीला विचारावं लागतं. सही मात्र आपलीच असते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

सवय कुठे संपते, आजार कुठे सुरू होतो?

जास्त वेळ फोन बघणारा प्रत्येक जण आजारी नसतो. मुलगी फोनवर अभ्यास करते, ताई ऑर्डर घेते, मुलगा बाजारभाव बघतो, यातही तास जातातच. म्हणून नुसते तास मोजून निकाल लावू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंगचा विकार' हा आजार म्हणून धरला आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्या विकाराच्या तीन खुणा आहेत. त्या आपल्याला फोनच्या इतर वापरालाही लावून बघता येतील.

पहिली, ताबा सुटणे. किती वेळ खेळायचं, कधी थांबायचं, हे स्वतःच्या हातात राहत नाही.

दुसरी, बाकी सगळं मागे पडणे. जेवण, शाळा, मित्र, मैदान, आवडीच्या गोष्टी, सगळ्याच्या पुढे गेम.

तिसरी, नुकसान दिसत असूनही न थांबणे.

या तिन्ही गोष्टी बराच काळ, साधारणपणे वर्षभर दिसल्या आणि त्याने घर, शाळा, काम बिघडलं, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. तो ओळखायचं काम डॉक्टरांचं आहे, आपण पोरावर शिक्का मारायचा नाही. पण खुणा दिसायला लागल्या की वर्षभर वाटही बघत बसायची नाही.

एका गावाने भोंगा लावला

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. कोरोनात शाळा मोबाईलवर आली, शाळा परत सुरू झाली तरी मोबाईल हातातून सुटेना. तेव्हा गावाने ठरवलं की रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि सगळ्या घरांत टीव्ही-मोबाईल बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. 15 ऑगस्ट 2022 पासून हे सुरू झालं. आधी महिलांच्या सभेत विषय मांडला गेला. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक घरोघर फिरले.

यातून आपण काय घ्यायचं? भोंगा पाहिजेच असं नाही. पण तीन गोष्टी बघा. नियम दीड तासाचा होता, दिवसभराचा नाही. तो मुलांपुरता नव्हता, मोठ्यांची मालिकाही बंद झाली. आणि सगळ्या गावाने एकाच वेळी बंद केल्यामुळे "त्याच्या घरी चालतं, मग मलाच का?" हा प्रश्न उरला नाही. एकटीने जे जमत नाही ते दहा जणींनी मिळून जमतं. आपल्या गटाचं मूळच ते आहे.

घरचा नियम करताना

नियम छोटा ठेवा. जेवताना फोन नाही आणि रात्री झोपायच्या खोलीत फोन नाही, एवढ्या दोनपासून सुरुवात करा. रात्री सगळ्यांचे फोन एकाच जागी, कोनाड्यात किंवा कपाटावर चार्जिंगला लावा. उठवायला गजराचं घड्याळ घ्या, म्हणजे "गजर लावायचाय" हे कारण उरणार नाही.

रिकाम्या वेळेत काय करायचं तेही ठरवा. फोन काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही, तर मूल फोनच शोधणार. सायकल, कॅरम, मैदान, गावातलं वाचनालय, आपल्यासोबत शेतावर एक चक्कर, काहीही चालेल.

आणि एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. 'व्यसन' हा शब्द घरात आला की पहिला फोन कुणाचा जातो? मुलीचा, नाहीतर सुनेचा. मुलाचा तसाच राहतो. मैत्रिणींनो, हे होऊ देऊ नका. त्याच फोनवर तिचा अभ्यास आहे, परीक्षेचा निकाल आहे, तुमच्या पापड-लोणच्याची ऑर्डर आहे, अडचणीच्या वेळी माहेरी लावायचा एक कॉल आहे. नियम करायचा तर घरातल्या सगळ्यांना सारखा करा, नाहीतर करूच नका.

पैशाचंही भान ठेवा

बऱ्याच जणींचं बँक खातं ज्या फोनला जोडलंय, तोच फोन मुलं खेळायला घेतात. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका, कव्हरच्या मागे चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. गेममधल्या वस्तू विकत घेताना पन्नास-शंभर करत गटाच्या हप्त्याचे पैसे कधी जातात ते कळत नाही. खात्याचे मेसेज आठवड्यातून एकदा स्वतः वाचा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये केला आहे, तेव्हा "यातून कमाई होते" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. फोनवरून फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या क्रमांकावर कळवा.

मदत मागण्यात कमीपणा नाही

मूल खात नाही, झोपत नाही, फोन घेतला की अंगावर धावून येतं किंवा मरायची भाषा करतं, तर थांबू नका. 14416 हा 'टेली मानस'चा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवस-रात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आपल्या आशाताईलाही सांगा. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो, तसंच हे आहे.

या महिन्याचा अभ्यास

बैठकीच्या वहीच्या मागच्या पानावर एक तक्ता आखा. सात दिवस रोज स्वतःच्या फोनचे तास लिहा. फक्त स्वतःचे, मुलांचे नाहीत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्नांवर बोला:

1. माझा सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला? त्यातला कामाचा किती?
2. तो वेळ मिळाला असता तर मी काय केलं असतं?
3. आमच्या घरी चालेल असा, सगळ्यांना लागू होणारा एक नियम कोणता?

बैठक सुरू होताना सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवून बघा. अध्यक्षांचा आधी, आणि मी आले असेन तर माझाही.

जाता जाता त्या ताईच्या घरचं सांगते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, रात्री दहाला तिघांचे फोन देवघराशेजारच्या कोनाड्यात जातात. आठवड्यातून दोनदा नियम मोडतो. बहुतेक वेळा वडीलच मोडतात. पण मुलगा आता त्यांना टोकतो, "पप्पा, कोनाडा!" परवा रात्री फोन नव्हता म्हणून तो तिच्याजवळ येऊन बसला आणि शाळेतलं काहीतरी सांगत राहिला. "काय सांगत होता ते मला निम्मं कळलं नाही," ती म्हणाली, "पण लई दिवसांनी माझ्याशी बोलत होता."