पाच घरांचा बोकड

पुणे

चि. रोहित यास,


तुझे पत्र पोचले. अमेरिकेत तुम्ही मित्र मिळून थेट पशुपालकाकडून पाव जनावर घ्यायचात आणि कित्येक महिने फ्रीझर भरलेला असायचा. तसेच आता हडपसरच्या तुमच्या सोसायटीतल्या पाच घरांनी करावे, असे तू लिहितोस. बेत चांगला आहे. माझी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेली, म्हणून जे ठाऊक आहे ते सविस्तर सांगतो.

आधी कायदा, कारण तिकडच्यासारखे गाय-बैल इथे कापता येत नाहीत. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आहे. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि वळू व बैलही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. म्हशी-रेडे प्रमाणपत्र घेऊन कापण्याची मुभा आहे, पण एवढ्या मोठ्या जनावराचे मांस पाच घरांचे फ्रीज सांभाळू शकत नाहीत. तेव्हा बोकड घ्या. गावोगाव एक बोकड कापून वाटे घालण्याची रीत फार जुनी आहे. तुम्हाला नवे काही शोधायचे नाही, ती रीत शहरात नीट पाळायची आहे.

बोकड कुठला घ्यावा? धाराशिव-लातूरकडची उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि बहुधा जुळी देणारी. तिचे बोकड मटणाला उत्तम. संगमनेरीही चांगली. कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर गोखलेनगरला शेळी-मेंढी महामंडळाचे मुख्यालय आहे, तिथे चौकशी कर. शिरूर, दौंड, पुरंदर भागांत शेळीपालक पुष्कळ आहेत. बाजारात एकदा भेटलेल्या माणसापेक्षा ज्याचा गोठा तू पाहिला आहेस असा एक पालक धर आणि त्याच्याकडेच जात राहा.

गोठ्यावर गेलास की आधी जनावर चालताना पाहा. डोळे स्वच्छ, नाक न वाहणारे, लेंडी घट्ट, केस चमकदार असावेत. मग दात पाहा. दुधाचे दात असतील तो अदत. साधारण वर्ष-सव्वा वर्षाला पुढचे दोन दात बदलतात, तो दोन दाती. अदत किंवा नुकताच दोन दाती झालेला, लहानपणीच खच्ची केलेला बोकड घे. मटण मऊ असते आणि उग्र वास येत नाही. पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांच्या लसी कधी दिल्या, जंताचे किंवा प्रतिजैविक औषध शेवटचे कधी दिले, हे विचार. औषध दिल्यानंतर मांस न खाण्याचा काळ असतो, तो पुरा झालेला असला पाहिजे. चांगल्या पालकाला हे प्रश्न आवडतात.

आता हिशेब. बोकड जिवंत वजनावर विकला जातो. तीस किलोच्या बोकडाचे मटण चौदा-पंधरा किलोच्या आसपास निघते. म्हणजे जिवंत वजनाचा दर दुप्पट केलास की मटणाचा खरा दर कळतो. त्यात वाहतूक आणि कापणावळ मिळव. वजन सकाळी, चारा-पाण्याआधी करा, म्हणजे पोटातल्या चाऱ्याचे पैसे जात नाहीत. एवढे केल्यावर बचत तुला वाटते त्याहून कमीच निघेल. म्हणून केवळ स्वस्ताईसाठी हे करणार असशील तर करू नकोस. जनावर कुठे वाढले, काय चरले, त्याला काय टोचले हे तुला माहीत असते आणि पैसा थेट पालकाच्या हातात पडतो, हा या व्यवहाराचा खरा लाभ. आखाडात, गटारीच्या आधी आणि बकरी ईदच्या तोंडावर दर चढतात. ते दिवस टाळा. आणि दर ठरला की घासाघीस नको. चारा आणि औषध पालकाने आधीच विकत घेतलेले असते. पैसे जागेवर द्या.

कापणे सोसायटीच्या आवारात किंवा गच्चीवर होता कामा नये. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार शहरात कत्तल परवानाधारक कत्तलखान्यातच, पशुवैद्यकाच्या तपासणीनंतर करायची असते. तीन महिन्यांखालचे पिल्लू किंवा गाभण शेळी कापता येत नाही. म्हणून ओळखीच्या, परवाना असलेल्या खाटकाला सुरुवातीपासून सोबत घ्या. तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही. मांडी, खांदा, चाप, नळी वेगळी काढण्याचे त्याचे कसब तुमच्यापैकी कोणाकडे नाही; त्याची मजुरी पूर्ण द्या.

वाटे घालताना प्रत्येक वाट्यात मांडीचे, खांद्याचे, चापाचे, नळीचे आणि कलेजीचे थोडे थोडे आलेच पाहिजे. मुंडी, पाय, वजडी कोणाला हवी ते आधी बोलून ठेवा आणि ती वाया जाऊ देऊ नका. वाटे मांडणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलावा. या एका नियमाने पाच घरांतली मैत्री टिकते.

गावात मटण लगेच शिजते, म्हणून त्याचे काही बिघडत नाही. साठवायचे असेल तर घाई नको. कापल्यानंतर मांस ताठरते. त्याच अवस्थेत गोठवले तर नंतर चिवट लागते. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, मग अर्ध्या-अर्ध्या किलोची चपटी पाकिटे करून उणे अठरा अंशांवर ठेवा. पाकिटावर तारीख आणि भाग लिहा. कलेजी मात्र त्याच दिवशी शिजवा. गोठवलेले मटण ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच सुटू द्या, आणि एकदा सुटलेले कच्चे मटण पुन्हा गोठवू नका.

पहिल्या खेपेला एकच बोकड घ्या. सगळा खर्च कागदावर मांडून पाचही घरांना दाखव. मटण कसे निघाले ते पालकालाही कळव. पुढच्या वेळी कोणते करडू तुमच्यासाठी राखायचे हे त्याला त्यावरून ठरवता येईल. अशा दोन-तीन खेपा झाल्या की तुम्हाला भरवशाचा माणूस मिळेल आणि त्याला भरवशाचे गिऱ्हाईक. ते जपा.

सौ. स आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा