चूक सांगण्याची रीत

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा विषय जितका संगणकाचा, तितकाच भाषेचा आहे.

आमचे घर अकोले तालुक्यात. डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब आई वहीत ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्यासाठी पायथॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. कमांडपुढे लिटर व फॅट हे दोन आकडे टाकले की नोंद व्हावी, एवढेच तिचे काम. पहिल्याच दिवशी आईने टिंबाऐवजी शेजारची स्वल्पविरामाची कळ दाबली. ३.५ चे ३,५ झाले आणि पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. हात मागे घेत आई म्हणाली, "माझ्याकडून बिघडलं बघ काहीतरी."

बिघडले काहीच नव्हते. फॅटचा आकडा ग्राह्य नाही, एवढाच त्या ओळींचा अर्थ. पण तो सांगण्याची रीत माझी नव्हती; ती आर्गपार्स या मॉड्यूलची होती. पायथॉन २.७ पासून, म्हणजे २०१० पासून, हे मॉड्यूल भाषेसोबतच मिळते.

ही रीत बदलता येते. आर्गपार्सला प्रत्येक आकड्याचा 'टाइप' सांगावा लागतो. तेथे नुसते 'फ्लोट' न लिहिता स्वतःचे फंक्शन द्यावे. आकडा चुकीचा असेल तर त्या फंक्शनने 'आर्ग्युमेंट टाइप एरर' उठवावी व तीत आपले वाक्य घालावे. मी लिहिले : "फॅट '३,५' असे आले. मध्ये टिंब द्या, जसे ३.५." काय आले, काय हवे आणि नमुना, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या.

याच फंक्शनात मी २ ते १२ ही मर्यादाही घातली. कारण टिंब राहून ३५ पडले, तर 'फ्लोट' ते निमूटपणे स्वीकारतो आणि हिशेब चुकतो. न सांगितलेली चूक अधिक महाग पडते.

तरीही वाक्याच्या आधीचे 'युसेज' व 'एरर' हे शब्द इंग्रजीच राहतात. त्यासाठी पार्सरचा उपवर्ग करून त्यातील 'एरर' ही पद्धत नव्याने लिहावी लागते. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात : संदेश स्टँडर्ड एररवरच छापावा, म्हणजे तो हिशेबात मिसळत नाही, आणि शेवटी २ हा संकेतांक देऊनच बाहेर पडावे, म्हणजे काम फसल्याचे इतर प्रोग्रॅमनाही कळते.

गंमत अशी, की पायथॉन ३ ला देवनागरी '३.५' सुद्धा मुळातच समजते. आईचे आकडे त्याला वाचता येत होते. आईशी बोलायला मीच त्याला शिकवले नव्हते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेशाच्या वेळी माझा एक अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आला होता. काय अपूर्ण, ते लिहिले नव्हते. त्या एका शब्दापायी माझे दोन हेलपाटे झाले. म्हणून वाटते, चूक दाखवणाऱ्याने पुढची वाटही दाखवावी.

आई आता चुकते, वाचते आणि स्वतःच दुरुस्त करते.