नियम आणि दया

खर्डीच्या आसपासचे पुष्कळ कातकरी वीटभट्टीवर राबतात. अशा कामाने बोटांवरील रेषा झिजतात, आणि मग रेशन दुकानातील यंत्र कधीकधी अंगठा ओळखीत नाही. त्यांना रित्या पिशवीने परत पाठविणारा म्हणतो, ‘मी नियम पाळला.’ आम्ही म्हणतो, त्याने नियम अर्धाच वाचला. अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क २०१३ च्या कायद्याने दिला आहे. आणि अंगठा जुळला नाही एवढ्यावरून कोणास धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांस कळविले. तेव्हा दया ही नियमाची वैरीण नव्हे. नियमाचा हेतु ओळखणारी ती दृष्टि होय. ज्यास वाचता येते, त्याने शेजाऱ्यासंगे दुकानापर्यंत जावे आणि हे नम्रपणे, परंतु निर्भयपणे सांगावे.