खून कोणी केला?

बाबूराव अर्नाळकर हे १९९६ साली वारले. त्यांनी मराठीत हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आम्हीही त्या रात्री जागून वाचल्या.

अशी गोष्ट कशी चालते? वाड्यात खून होतो. लोक लगेच एका भांडखोर माणसाकडे बोट दाखवतात. "त्यानंच केला!" वाचणारालाही तसेच वाटते. पण गुप्तहेर घाई करत नाही. तो विचारतो, "कोणी पाहिलं? पुरावा काय?" तो पावलांचे ठसे पाहतो. दाराची कडी पाहतो. तोवर आपला जीव टांगणीला लागतो. शेवटी खुनी निराळाच निघतो.

आपल्या बुलढाण्याकडे सोयाबीनची सुडी पेटते. विझायच्या आधीच पारावर नाव ठरते! पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. निरपराध माणूस नाहक भरडला जातो, आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो.

उद्या पोलीस आपल्याला पंच म्हणून बोलावतील. काल आपण न वाचता अंगठा उठवत होतो. आता आपल्याला वाचता येते. पंचनामा आधी वाचावा. आपण पाहिले तेच लिहिले आहे ना? मगच सही करावी. त्या सहीवर कोणाचा तरी जन्म अवलंबून असतो.