माशांच्या टाकीत कोणता दगड? व्हिनेगरचा एक थेंब सांगेल



घरी माशांची टाकी आली की मुलांचं पहिलं काम ठरलेलं असतं, दगड गोळा करणं. कुणी कन्हानच्या पात्रातले गोटे आणतं, कुणी बांधकामावर पडलेला फरशीचा तुकडा. दगड पाण्यात विरघळत नाही, असं आपण धरून चालतो. पण काही दगड हळूहळू विरघळतात आणि त्याचा त्रास माशांना होतो.

असं का होतं?
चुनखडी आणि संगमरवर यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते पाण्यात थोडं थोडं उतरतं. त्यामुळे पाणी जड, म्हणजे पुस्तकातल्या भाषेत दुष्फेन होतं आणि त्याचा सामू वाढतो. गप्पी, मोली यांना जड पाणी चालतं. निऑन टेट्राला मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. घरी बोअरवेलचं पाणी असेल तर ते बहुधा आधीच जड असतं. त्यात चुनखडीची भर नको.

रंगावर जाऊ नका
आपलं नागपूर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पश्चिमेला लाव्हापासून बनलेला काळा बेसाल्ट. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेला आणि उत्तरेला फार जुने रूपांतरित खडक, त्यात संगमरवराचे पट्टेही आहेत. म्हणून कन्हानच्या गोट्यांत सगळीच सरमिसळ असते. ओट्याचा काळा कडप्पा बेसाल्टसारखा दिसतो, पण तो चुनखडीच आहे. शहाबादी आणि कोटा फरशीसुद्धा चुनखडीच. उलट, पांढरी गारगोटी संगमरवरासारखी दिसते, पण ती टाकीत अगदी सुरक्षित.

चाचणी कशी घ्यावी?
१. दगड ब्रशने घासून धुवा. साबण लावू नका. नंतर पूर्ण वाळू द्या.
२. खिळ्याने एका जागी खरवडून थोडी पूड काढा.
३. आधी दुसऱ्या जागी साध्या पाण्याचा थेंब टाका. सच्छिद्र दगडातून हवेचे बुडबुडे येतात, ते ओळखता आले पाहिजेत.
४. आता पुडीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका आणि भिंगातून पाहा.

फसफसलं तर तो कार्बन डायऑक्साइड. तो दगड बाजूला ठेवा. बेसाल्टमध्ये पांढरे ठिपके असतील तर तिथेही थेंब टाका, कारण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइट भरलेलं असतं. बाथरूम साफ करायचं अॅसिड मुलांच्या हातात मुळीच देऊ नका.

व्हिनेगरलाही न सापडणारे दगड
रामटेकजवळच्या मनसर भागात मँगनीजच्या खाणी आहेत. तिथला काळा, हाताला जड लागणारा दगड फसफसेलच असं नाही, पण धातूचं खनिज टाकीत नकोच. गंजाच्या रेघा किंवा धातूसारखी चमक असलेला दगडही टाळा.

टाकीत ठेवण्याआधी
निवडलेले दगड आठवडाभर बादलीत भिजवा. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी पाण्याचा सामू मोजा. फरक पडला तर दगड बाद. दगड उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. धारदार कडांनी माशांचे पर फाटतात, म्हणून गोल गोटे बरे. मोठा दगड आधी तळावर पक्का बसवा, मग भोवती वाळू घाला. नाहीतर मासे वाळू उकरतात, दगड कलतो आणि काच तडकते. आणि हो, पेंचच्या जंगलातून दगड उचलून आणायचा नाही, हेही मुलांना सांगा.

वर्गात
आठवीला आम्ल-आम्लारी शिकवताना प्रत्येक मुलाला एक दगड आणायला सांगा. ‘फसफसेल की नाही?’ याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या, मग चाचणी. चुकलेला अंदाज खोडू देऊ नका. कडप्प्यापाशी बरेच जण चुकतील, आणि दिसण्यावरून ठरवायचं नाही, तपासून पाहायचं, हे त्यांना तिथेच कळेल.