डीजे आणि त्याचा श्रोता

‘डीजे’ हा शब्द आपल्या भागात दोन अर्थांनी चालतो. बेळगाव-कोल्हापूरकडे मिरवणुकीत ‘डीजे आला’ असे म्हटले, की गाडीवर रचलेली कर्ण्यांची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. त्या भिंतीमागे एखादा माणूस असतो याची दखल सहसा कोणी घेत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर मात्र डीजे म्हणजे माणूसच, आणि त्याचे नाव वाचून लोक तिकीट काढतात. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या डीजेचा, आणि त्याहूनही अधिक त्याच्यापुढे नाचणाऱ्या माणसांचा.

माझे गाव मये, डिचोली तालुक्यातले. आमच्याकडची बरीच मुले कामासाठी किनाऱ्यावर जातात. कोणी हॉटेलात, कोणी कर्णे चढवण्या-उतरवण्याला. त्यामुळे हा विषय घराच्या सोप्यावरही निघतो, आणि वडीलधारी मंडळी एकच प्रश्न विचारतात : “अरे, पण तो करतो काय? गाणी तर दुसऱ्याचीच ना?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर यंत्रापासून सुरू करावे लागते. डीजेपुढे दोन तबकड्या असतात (आता बहुधा त्यांची जागा संगणकीय यंत्राने घेतली आहे) आणि मध्ये एक मिश्रक. एक तबकडी लोकांना ऐकू येत असते, दुसरी फक्त त्याच्या कानावरच्या हेडफोनमध्ये वाजत असते. दुसरीचा वेग हाताने कमीजास्त करून तो तिचे ठोके पहिलीच्या ठोक्यांवर नेमके बसवतो आणि मग एकीतून दुसरीत असा सरकतो, की नाचणाऱ्याचे पाऊल चुकू नये. ‘हाऊस’ या प्रकारात मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके असतात; गोव्याचे नाव लागलेल्या ‘ट्रान्स’मध्ये १४० ते १५०. हे झाले कसब. सरावाने ते येते, आणि आता यंत्रही ते करून देते. मग माणूस कशाला हवा?

याचे उत्तर मला तबल्यात सापडले. आपल्या ठेक्यात ‘खाली’ असते. तेथे डग्ग्याचा घुमारा थांबतो, नाद पोकळ होतो, आणि ऐकणाऱ्याचे मन आपोआप समेकडे धाव घेऊ लागते. डीजेच्या संगीतात चारही मात्रांवर सारखाच जड ठोका पडत असतो. एका आवर्तनापुरते पाहिले तर त्याला खाली अशी नाहीच. पण डीजे ती स्वतः निर्माण करतो. सोळा, बत्तीस, कधी चौसष्ट मात्रांपर्यंत तो खालचा नाद काढून घेतो. वर नुसती कुजबुज उरते, ती हळूहळू चढत जाते. लोकांचे हात वर जातात. आता पडेल, आता पडेल असे होते. आणि मग तो ठोका परत पडतो. या क्षणाला ते ‘ड्रॉप’ म्हणतात. मैफलीत तिहाई समेवर आली की माना डोलतात, येथे अख्खी गर्दी उडी मारते, एवढाच फरक. तबलजीची खाली तालाने ठरलेली असते. डीजेची खाली किती लांब ठेवायची हे समोरच्यांच्या चेहऱ्यावरून ठरते. फार लवकर ठोका सोडला तर मजा जाते, फार ताणले तर लोक पाणी प्यायला निघून जातात.

आमच्याकडे चवथीला घुमट आरती होते. घुमट, शामेळ आणि कांसाळे एवढीच सामग्री. (घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे असे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते वर्ज्य झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. जुनी माणसे अजून त्या नादाची आठवण काढतात.) तेथे रंग चढतो तो लय वाढवून : संथ सुरुवात, मग दुगण, आणि शेवटी टाळी कोणाची आणि आवाज कोणाचा हे कळेनासे होते. डीजेची लय रात्रभर फारशी बदलतच नाही. आपण गती वाढवून जे साधतो ते तो काढून घेऊन आणि परत देऊन साधतो. दोन वाटा वेगळ्या, पण दोहोंचे काम समोरच्या माणसांवाचून अडते. रिकाम्या खोलीत घुमट आरती करून दाखवा, म्हणजे मी काय म्हणतो ते पटेल.

पेडण्याकडे दशावतार पाहिलेल्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही. नटाला लिहिलेले संवाद नसतात. कथा सर्वांना ठाऊक असते, आणि पहाटेपर्यंत कोणता प्रसंग किती फुलवायचा हे तो प्रेक्षकांकडे पाहून ठरवतो. आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्र यक्षगानातील भागवताचे उदाहरण देतील. पदे जुनीच, पण आख्यानाची गती त्याच्या हातात. या दोघांना ‘दुसऱ्याचेच म्हणतो’ असे आपण हिणवत नाही.

किनाऱ्यावर हे संगीत कसे रुजले ते थोडक्यात सांगतो. हणजूणला हिप्पी मंडळी साठोत्तरीच्या अखेरीस येऊ लागली. आधी गिटारी होत्या, १९८० नंतर यंत्रसंगीत आले. १९५१ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला गिल्बर्ट लेव्ही ‘गोवा गिल’ या नावाने त्यात प्रसिद्धीस आला. २०२३ मध्ये तो वारला. उन्हात तबकड्या वाकतात म्हणून येथील डीजे कॅसेटा आणि पुढे डॅट नावाच्या फिती वापरीत. या फितींचा वेग हाताने बदलता येत नसे. तेव्हा ठोक्यावर ठोका बसवण्याऐवजी ठेका नसलेल्या लांब सुरुवातीवर शेवट टेकवून गाणी जोडली जात, आणि मधल्या त्या संथ जागा हेच या संगीताचे एक लक्षण होऊन बसले. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी गोष्ट पुढे आहे. या नाचांच्या कडेला गावातल्या बायका चटया अंथरून, कंदील लावून रात्रभर चहा विकीत. नाच फुकट, चहा विकत! आज नेमके उलटे झाले आहे. तिकिटाचा धंदा २००७ साली कांदोळीला ‘सनबर्न’ महोत्सव सुरू झाल्यापासून मोठा झाला.

पण या धंद्यात एक गंमत आहे. आपण पुस्तकात शिकतो, की सेवा साठवता येत नाही आणि ग्राहकाच्या उपस्थितीतच ती निर्माण होते. येथे त्याच्याही पुढची पायरी आहे : ग्राहक हाच मालाचा भाग आहे. नाचायची जागा रिकामी असेल तर उत्तमातला उत्तम डीजे असूनही तिकीट वाया गेले असे वाटते. लोक मोजतात ते एकमेकांच्या असण्याचे पैसे. ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी २०१६ मध्ये हेडफोन लावलेल्या माणसांना एकत्र नाचवून पाहिले. ज्यांच्या हालचाली एकमेकांशी जुळल्या त्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली, आणि वेदना सोसण्याची त्यांची शक्तीही वाढलेली आढळली. रोंबटात दिवसभर ढोल वाजवणाऱ्याच्या हाताला फोड आलेले त्याला रात्री घरी आल्यावर का कळतात, याचा उलगडा मला यातून झाला.

ही एकरूपता कशी घातक ठरू शकते हेही आम्ही पाहिले आहे. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुतेक जण नाचणारे नव्हते, तेथे काम करणारे होते. पोटासाठी दूरच्या प्रांतांतून आलेली ही माणसे. नाचाच्या वर्णनांत स्वयंपाकघर कधी येत नाही.

तसाच वर्णनात न येणारा आणखी एक माणूस म्हणजे न बोलावलेला श्रोता. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सनबर्न’ पेडणे तालुक्यात धारगळला आला. गावात दोन तट पडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, महोत्सव झाला, आणि पुढल्या वर्षी तो मुंबईला गेला. विरोध करणाऱ्यांना ‘संस्कृतीचे रक्षक’ म्हणून हसणारे लेख मी वाचले. सर्वांचेच म्हणणे तसे नव्हते. काहींचे साधे म्हणणे होते, की रात्री झोप हवी.

येथे ध्वनीचे शास्त्र पाहण्यासारखे आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एका यंत्रसंगीताच्या कार्यक्रमात अतिशय खालचे नाद, इतके खालचे की कानाला ते जाणवूही नयेत, मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू असताना नाचणाऱ्यांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, आणि आपण का अधिक हललो हे कोणाला कळले नाही. म्हणजे नाचणारा ज्यासाठी पैसे देतो त्यातला एक वाटा कानाने नव्हे तर अंगाने ऐकला जातो. अडचण अशी, की हेच खालचे नाद भिंतीतून आरपार जातात. झांजेचा खणखणाट दार लावले की थांबतो. ठोका मात्र उशीपर्यंत येतो.

काणकोणात पाळोळ्याला यावर एक तोड निघाली. रात्री १० नंतर कर्णे बंद ठेवण्याचा नियम असल्याने तेथे हेडफोन वाटून नाच होऊ लागले. क्षणभर हेडफोन काढला तर वाळूवर घासणारी पावले आणि कोणाचे तरी बेसूर गुणगुणणे एवढेच ऐकू येते. लोक नाचतात, खुशीत असतात. पण छातीत घुमणारा तो ठोका हेडफोन देऊ शकत नाही.

नियमाविषयी एक गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत सूट देता येते. या सवलतीचा लाभ आपले उत्सवही घेतात, तेव्हा बोट दाखवताना जरा जपून. पण ही मर्यादा ‘ए’ मोजपट्टीत सांगितलेली आहे. ती मोजपट्टी माणसाच्या कानाला अनुसरून बेतलेली असल्यामुळे खालचे नाद फार कमी धरते. ‘सी’ नावाची दुसरी मोजपट्टी त्यांना पुष्कळ अधिक न्याय देते. मापकावरचा आकडा बेताचाच असतो, आणि घरात खिडकीची तावदाने थरथरत असतात. म्हातारी तक्रार घेऊन जाते, शिपाई आकडा दाखवतो, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात. पुढच्या वेळी मोजणी होईल तेव्हा ती दोन्ही मोजपट्ट्यांनी व्हावी, एवढी मागणी एखाद्या ग्रामसभेने करायला हरकत नाही. त्याला वेगळे यंत्रही लागत नाही, बहुतेक मापकांवर दोन्ही सोयी असतात.