खोक्यावर एलईडी, आत काय?

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात डीटीपीचे दुकान चालवायचे म्हणजे सकाळी मराठी लग्नपत्रिका, दुपारी पॉवरलूमवाल्याचे हिंदी बिलबुक आणि संध्याकाळी उर्दू जलशाचे इश्तिहार. रफार, अनुस्वार, नुक्ते यांवर पोट अवलंबून. अशाच एका दुकानात जुना मॉनिटर गेला आणि विक्रेत्याच्या आग्रहावरून 27 इंची नवा आला. विक्रेत्याने त्याचा एकच गुण पुन्हा पुन्हा सांगितला होता: एलईडी आहे.

प्रस्तुत लेखक त्या दुकानात मराठी मजकुराची प्रुफे तपासायला बसतो, त्यामुळे पुढचे सगळे जवळून पाहता आले. कौतुकाचे दिवस सरले आणि तक्रारी सुरू झाल्या. अक्षरे मोठी दिसत, पण कडा दातेरी, ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार आहे की नाही हे पाहायला मान पुढे काढावी लागे. रात्रीच्या कामात डोळे चुरचुरत. खुर्चीमागे उभ्या गिऱ्हाइकाला पत्रिकेचा कुंकवाचा लाल एक दिसे, खुर्चीत बसलेल्याला दुसराच. तिन्ही दुखण्यांची कारणे वेगवेगळी निघाली आणि खोक्यावरच्या त्या तीन अक्षरांनी एकाचीही चाहूल दिली नव्हती.

द्यायची तरी कशी? बाजारात ‘एलईडी मॉनिटर’ म्हणून मिळतो तो मुळात एलसीडीच असतो. द्रवस्फटिकांचा पडदा स्वतः उजेड देत नाही, मागून येणारा उजेड कमीजास्त अडवतो. पूर्वी त्यामागे पारा असलेल्या बारीक फ्लुरोसंट नळ्या असत, आता एलईडी असतात. आकाशकंदिलातला दिवा बदलला, कागद तोच राहिला, असा हा प्रकार. ब्रिटनमध्ये 2009 साली जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने सॅमसंगच्या ‘एलईडी टीव्ही’च्या जाहिरातींना नेमक्या याच मुद्द्यावर हरकत घेतली होती: एलईडी मागच्या उजेडापुरते आहेत, हे ग्राहकाला नीट कळत नव्हते. ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो तो ओएलईडी. नाव सारखे, जात निराळी.

दिवा बदलल्याचा फायदा झाला नाही असे मुळीच नाही. वीज कमी लागते, मॉनिटर सडपातळ झाले, पारा गेला. मागचा पांढरा उजेड बहुधा निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन मिळवतात, आणि निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण आज दुकानातला जवळजवळ प्रत्येक नवा मॉनिटर एलईडीचाच असतो. मग त्या शब्दासाठी चार पैसे जास्त का मोजायचे, हे विक्रेत्यालाच विचारावे.

दातेरी अक्षरांचे कारण साध्या गणितात होते. 1920 गुणिले 1080 ठिपके 27 इंचांवर पसरले की इंचाला सुमारे 82 ठिपके मिळतात. तेवढेच ठिपके साडेएकवीस इंचांत बसवले की ही संख्या 102 वर जाते. 27 इंचच हवे असतील तर 2560 गुणिले 1440 चा पडदा पाहावा. त्यात इंचाला 109 ठिपके येतात. इंग्रजी अक्षर कमी ठिपक्यांत कसेबसे निभावते. देवनागरीला शिरोरेषेच्या वरही जागा लागते, खालीही. उर्दूच्या नस्तालीक लिपीतल्या उतरत्या ओळीतल्या नुक्त्यांचे तर विचारूच नका. म्हणून मॉनिटर पाहायला जाताना आपलीच एखादी बारीक मजकुराची फाइल पेनड्राइव्हवर न्यावी. दुकानात लावून ठेवलेल्या समुद्राच्या आणि पोपटांच्या चित्रफितीत सगळेच पडदे देखणे दिसतात.

डोळ्यांचे दुखणे शोधायला वेळ लागला. उजेड कमी करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे एलईडी सेकंदाला काहीशे वेळा बंद-चालू करणे. बंद काळ वाढवला की पडदा मंद भासतो. जुन्या नळीतला फॉस्फर क्षणभर रेंगाळत असे, एलईडी मात्र तत्काळ विझतो. ही लुकलुक थेट दिसत नाही आणि सगळ्यांना त्रासही देत नाही, पण ज्याला देते त्याचे डोके दुखते. पारख सोपी आहे. पांढरे पान उघडून ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणावा, जमल्यास आसपासचे दिवे बंद करावेत आणि पडद्यासमोर पेन्सिल झपाझप हलवावी. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक; सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दुसरा मॉनिटर दाखवा म्हणावे. पूर्ण ब्राइटनेसवर ही परीक्षा घेऊ नये, कारण तिथे लुकलुक बहुधा नसतेच. सिंधीपुऱ्यातल्या दुकानात शेवटी मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून ग्राफिक्सच्या सेटिंगमधून पडदा मंद केला. रंगांच्या छटा थोड्या गेल्या, डोळे वाचले.

रंगाचा घोळ पॅनेलच्या जातीचा होता. टीएन पॅनेल स्वस्त आणि चपळ, पण वरून-खालून पाहिले की रंग पालटतात. आयपीएसमध्ये ते बरेच स्थिर राहतात. व्हीए काळा रंग गडद देते, त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण 3000:1, तर आयपीएसचा 1000:1 च्या आसपास. खोक्यावर एक कोटीस एक असा आकडा छापलेला असेल तर तो ‘डायनॅमिक’ कॉन्ट्रास्ट. काळे दृश्य आले की मागचा दिवाच मंद करून मिळवलेला. तो वाचून सोडून द्यावा. छपाईचे काम असेल तर एसआरजीबी या प्रमाण रंगसंचातले किती टक्के रंग पडदा दाखवतो, ते विचारावे. एनटीएससी हे रंगांचे दुसरे माप; ‘45 टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर कुंकवाचा लाल फिकाच दिसणार. 72 टक्के असेल तर एसआरजीबीचा आवाका जवळपास पुरा होतो.

बहुतेक मॉनिटरांत एलईडीची पट्टी कडेला असते आणि एक पारदर्शक पाटी तो उजेड पडद्याभर पसरवते. ती नीट बसली नसेल तर कोपऱ्यांतून उजेड पाझरतो. पूर्ण काळे चित्र लावून पाहिले की हे लगेच दिसते. मेलेले ठिपके मात्र पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या पडद्यावर शोधावे लागतात. 1920 गुणिले 1080 च्या पडद्यात वीस लाखांवर ठिपके असतात, आणि एखादा मेला तर वॉरंटीत बदलून मिळेलच असे नाही. किती ठिपक्यांवर बदलून देणार, हे पैसे देण्याआधी विचारलेले बरे.

मॉनिटरच्या पाठीवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. निर्मितीची तारीखही पाठीवरच सापडते, आणि कचेऱ्यांतून निघालेला जुना माल नव्या खोक्यात आला असेल तर तो तिथे पकडला जातो. खरेदी इंदूरहून असो वा जळगावहून, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि दुरुस्तीला मॉनिटर कुठे न्यावा लागेल तेही विचारावे. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातूनही तक्रार करता येते.

आणि केबल. जुन्या सवयीने पंधरा पिनांची व्हीजीए लावून नव्या पडद्याला पुसट ठरवणारे पुष्कळ भेटतात. सीपीयूला एचडीएमआय असेल तर तीच लावून मग अनुस्वार शोधावा.